रवींद्रनाथांची छोटी शाळा आणि तिचे उत्सव



डिसेंबर जवळ आला की आपल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. मंडपवाला, स्पीकरवाला, पाहुणे, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आभार. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात पाहुण्यांना उशीर झाला आणि हातात गुच्छ घेतलेली पाचवीतली एक मुलगी तासभर उन्हात उभी राहिली. ते पाहिल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. हा सगळा थाट नक्की कुणासाठी असतो? या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाने स्वतःच्या शाळेत चाळीस वर्षं शोधलं, त्या रवींद्रनाथ ठाकूरांची गोष्ट आज सांगतो. कवी म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. त्यांचं राष्ट्रगीत आपण रोज परिपाठाला म्हणतो. पण ते एका छोट्या शाळेचे शिक्षक होते, हे आपण सहसा मुलांना सांगत नाही.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यात जोडासांको भागातल्या ठाकूरवाड्यात झाला. घर मोठं, माणसांनी भरलेलं. वडील देवेंद्रनाथ, त्यांना लोक महर्षी म्हणत. आईचं नाव शारदादेवी. घरात गाणं, नाटक, वाचन सगळं होतं, पण धाकट्या मुलांचा दिवस नोकरांच्या देखरेखीत जाई. मोठी मुलं शाळेत जाताना पाहून छोट्या रवीने आपल्यालाही शाळेत घाला म्हणून रडून गोंधळ घातला. तेव्हा घरी शिकवायला येणाऱ्या मास्तरांनी एक चापट लगावली आणि आज जायला रडतोस, उद्या सुटायला याहून जास्त रडशील असं भाकीत केलं. इतकं अचूक भाकीत आपल्याला आयुष्यात दुसरं कुणी ऐकवलं नाही, असं पुढे रवींद्रनाथांनीच आठवणींत लिहून ठेवलंय.

पहिली शाळा ओरिएंटल सेमिनरी. तिथे धडा आला नाही की मुलाला बाकावर उभं करायचे, दोन्ही हात पसरायला लावायचे आणि तळहातांवर पाट्या रचायचे. रवीने याचा सूड घरी घेतला. व्हरांड्याच्या कठड्याचे लाकडी गज हे त्याचे विद्यार्थी आणि तो मास्तर. हातात छडी. कुठला गज हुशार, कुठला मठ्ठ हेही ठरलेलं. मठ्ठ गजांना इतका मार बसे की लाकूड बोलतं तर रडलं असतं. मूल शाळेतून घरी काय घेऊन येतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

नंतरची शाळा होती नॉर्मल स्कूल. आपल्या विषयाची खरी सुरुवात इथे होते. या शाळेत वर्ग भरण्याआधी सगळ्या मुलांना पायऱ्यांच्या गॅलरीत ओळीने बसवत आणि एक गाणं म्हणून घेत. हाच त्यांचा परिपाठ. अभ्यासाला थोडी गंमत यावी हा शाळेचा हेतू. पण गाणं इंग्रजी, चाल परकी आणि मुलं बंगाली. एकालाही अर्थ कळत नव्हता. रोज म्हणून म्हणून शब्द इतके झिजले की त्यांचा नुसता गडबडगुंडा उरला. मोठेपणी रवींद्रनाथांनी ते शब्द पुन्हा जुळवून पाहिले, तर कुठेतरी आनंदाने गाणं म्हणण्याबद्दल काहीतरी असावं इतपतच त्यांना उलगडलं. म्हणजे आनंदाचं गाणं मुलं रोज आनंदाशिवाय म्हणत होती! (आपल्या परिपाठातली समूहगीतं एकदा मुलांकडून लिहून घ्या. मी घेतली होती. काय काय वाचायला मिळालं ते इथे सांगत नाही.)

पुढे बेंगॉल अकॅडमी झाली, सेंट झेवियर्स झालं. तिथल्या एका पाद्री शिक्षकांची त्यांना कायम आठवण राहिली. कारण काय, तर एकदा लिहिण्याच्या तासाला मुलगा पेन धरून नुसता बसलेला पाहून ते मागून आले, खांद्यावर हात ठेवला आणि बरं नाही का, असं मायेने विचारलं. एवढंच. चौदाच्या आसपास शाळा सुटली ती सुटलीच.

शाळेबाहेर मात्र शिक्षण झालं. १८७३ मध्ये मुंज झाल्यावर वडील त्यांना बरोबर घेऊन हिमालयात निघाले आणि वाटेत बोलपूरजवळच्या माळावर काही दिवस थांबले. ही जागा देवेंद्रनाथांनी दहा वर्षांपूर्वी घेतली होती. उघडा माळ, तांबडी माती, दोन सातवीणीची झाडं. बंगालीत या झाडाला छातिम म्हणतात. या माळाचं नाव शांतिनिकेतन. कोलकात्याच्या वाड्याबाहेर फारसं न पडलेल्या मुलाला इथे दिवसभर मोकळं हिंडू दिलं, ओहोळातून वेचून आणलेल्या दगडगोट्यांचं वडिलांनी कौतुक केलं. पुढची शाळा या माळावरच उभी राहायची होती.

मधली वर्षं थोडक्यात. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले आणि त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिच्याकडून इंग्रजी बोलणं शिकले, एवढा आपला धागा इथे नोंदवून ठेवतो. लग्न झालं, मुलं झाली, वडिलांनी जमीनदारीचं काम सोपवलं म्हणून पद्मा नदीकाठी शिलाइदहला मुक्काम झाला. तिथे स्वतःची मुलं शिकायच्या वयाला आली आणि जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. आपण ज्यातून पळालो त्यात मुलांना घालायचं का? घरीच शिकवून पाहिलं. मग २२ डिसेंबर १९०१ रोजी, म्हणजे बंगाली पौष महिन्याच्या सातव्या दिवशी, शांतिनिकेतनात शाळा सुरू झाली. विद्यार्थी फक्त पाच. त्यातला एक त्यांचाच मुलगा रथींद्रनाथ.

तारीख मुद्दाम निवडलेली होती. १८४३ साली याच दिवशी देवेंद्रनाथांनी ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली होती आणि त्या निमित्ताने शांतिनिकेतनात पौषमेळा भरत असे. आसपासच्या खेड्यांतले लोक, बाऊल गायक, मातीची भांडी, जत्रेतली मिठाई असा तो मेळा. शाळेचा वर्धापनदिन आणि गावची जत्रा पहिल्या दिवसापासून एकच झाली. शाळेच्या उत्सवाला गावकरी पाहुणे म्हणून बोलवावे लागले नाहीत, ते तिथे आधीपासून होतेच.

सुरुवातीला मुलांकडून फी घेत नसत. खर्च भागवायला पुरीचं घर विकलं. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने एकेक करून दिले. त्या मुलांसाठी स्वतः रांधत. शाळेला वर्ष पुरं व्हायच्या आत, २३ नोव्हेंबर १९०२ रोजी, त्या गेल्या. पुढच्या वर्षी मधली मुलगी रेणुका गेली. १९०४ मध्ये सतीशचंद्र राय हा विशीतला तरुण शिक्षक देवीच्या साथीत गेला आणि शाळा काही काळ शिलाइदहला हलवावी लागली. १९०५ मध्ये वडील गेले. शाळेच्या पहिल्या चार वर्षांचा हा हिशेब आहे.

त्या काळात सगळं काही आदर्श होतं असं मात्र समजू नका. शाळेचं नाव ब्रह्मचर्याश्रम. अनवाणी चालणं, साधं जेवण, कडक दिनक्रम, आणि पंगतीत जातीचे जुने नियमही पाळले जात. रवींद्रनाथ स्वतः त्या वेळी प्राचीन तपोवनाच्या कल्पनेने भारलेले होते. हे नियम एका दिवसात गेले नाहीत, हळूहळू सैल होत गेले. पुढे विश्वमानवाची भाषा बोलणारा माणूसही तयार होऊन आला नव्हता. तो शाळेबरोबर शिकत गेला.

दिनक्रम कसा होता ते सांगतो, कारण आपल्या परिपाठाशी ताडून पाहण्यासारखा आहे. उजाडण्याआधी घंटा होई. मुलांचा एक गट गाणं म्हणत आश्रमात फेरी मारी, त्याला बैतालिक म्हणतात. झाडलोट आणि अंघोळ झाली की प्रत्येक मूल आपलं आसन घेऊन एखाद्या झाडाखाली पंधरा मिनिटं एकटं शांत बसे. काय विचार करायचा याची सक्ती नव्हती. नुसतं गप्प बसायचं आणि दुसऱ्याला गप्प बसू द्यायचं. मग सगळे एकत्र उभे राहून उपनिषदातला मंत्र म्हणत आणि वर्ग सुरू. वर्ग म्हणजे पुन्हा झाडाखालीच. पाऊस आला तरच छताखाली. बुधवारी सुट्टी आणि काचेच्या मंदिरात सामुदायिक उपासना. रवींद्रनाथ गावात असले की बहुतेक वेळा तेच बोलत. मंदिर म्हटलं तरी आत मूर्ती नाही.

आपल्याकडे परिपाठ म्हणजे पंधरा मिनिटांत प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, सामान्य ज्ञान, सूचना. तिथे पंधरा मिनिटांत काहीही नाही! मला तर या कोऱ्या पंधरा मिनिटांचं फार अप्रूप वाटतं. पण हेही खरं की सहाशे मुलांच्या शाळेत ते जमवणं सोपं नाही. शांतिनिकेतनात तेव्हा फार कमी मुलं होती, हा फरक विसरून चालणार नाही.

शिक्षा म्हणून मारायचं नाही हा नियम होता. मुलं आपले नायक स्वतः निवडत. चूक केली तर मुलांचीच सभा बसे आणि निवाडा देई. साहित्यसभा भरे, तीत मुलं स्वतः लिहिलेलं वाचत, हस्तलिखित मासिकं निघत, त्यांत चित्रंही मुलांचीच.

आता त्या उत्सवाकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

रवींद्रनाथांचा सगळ्यात धाकटा मुलगा शमींद्रनाथ. सगळे शमी म्हणत. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचाही नव्हता. तो याच शाळेत शिकत होता. १९०७ च्या वसंतपंचमीला या दहा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी एक खेळ मांडला. मुलांनी वेगवेगळ्या ऋतूंची सोंगं घेतली, गाणी म्हटली आणि ऋतूंचा उत्सव केला. कार्यक्रमपत्रिका नाही, पाहुणा नाही, बक्षीस नाही. शांतिनिकेतनचा जो वसंतोत्सव आज देशभर माहीत आहे, त्याचं मूळ इथे सांगतात.

त्याच वर्षी पूजेच्या सुट्टीत शमी मित्राच्या कुटुंबाबरोबर बिहारमध्ये मुंगेरला गेला. तिथे त्याला कॉलरा झाला. रवींद्रनाथ धावत पोचले, पण नोव्हेंबर १९०७ मध्ये शमी गेला. अकरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. परतीच्या रात्रीच्या गाडीतून बाहेर पाहताना आकाशभर चांदणं पडलेलं होतं आणि त्यात कुठेच काही कमी झालेलं दिसत नव्हतं, असं त्यांनी पुष्कळ वर्षांनी एका पत्रात लिहिलं. ते वाचताना कोणत्याही आईबापाचा हात थांबेल.

शमी परत आला नाही, पण शाळा सुट्टीनंतर भरली. आणि ऋतूंचा तो खेळ थांबला नाही. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, रवींद्रनाथांनी शाळेतल्या मुलांसाठी एक नाटक लिहिलं, शारदोत्सव. सगळी पात्रं पुरुषांची, कारण शाळा मुलग्यांची होती. गोष्ट अगदी साधी. शरद ऋतूची सुट्टी लागलीय, मुलं हुंदडायला बाहेर पडलीत. पण उपनंद नावाचा एक मुलगा खेळत नाही. त्याचा गुरू वारलाय आणि गुरूचं कर्ज फेडायला तो बसून पोथ्यांच्या नकला करतोय. संन्याशाच्या वेशात फिरणारा राजा हे पाहतो, त्याच्या शेजारी बसून लिहायला लागतो आणि बाकीची मुलंही येऊन बसतात. त्यांची सुट्टी अशी साजरी होते. हे नाटक शमीच्या आठवणीसाठी लिहिलं असं मी म्हणणार नाही, तसा दावा करायला माझ्याकडे आधार नाही. पण एका मुलाने सुरू केलेली गोष्ट बापाने वर्षाच्या आत हाती घेतली आणि मरेपर्यंत खाली ठेवली नाही, हे तर तारखाच सांगतात.

मग ऋतूमागून ऋतू उत्सव येत गेले. पावसाचा, शरदाचा, वसंताचा. क्षितिमोहन सेन, विधुशेखर शास्त्री यांच्यासारखे संस्कृतचे जाणकार शिक्षक होते, ते प्रसंगाला साजेशी वैदिक सूक्तं काढून देत. गाणी रवींद्रनाथांची. ते गाणं रचून चाल लावत आणि चक्क विसरून जात. म्हणून दिनेंद्रनाथ हा पुतणनातू चाल लगेच पाठ करून ठेवी आणि मुलांना शिकवी. पुढे नंदलाल बसू आले आणि रांगोळी, म्हणजे तिकडची अल्पना, फुलं-पानं, मातीची भांडी यांतून सजावट होऊ लागली. विकत आणलेलं जवळजवळ काही नसे. मास्तर, मुलं आणि कवी एकाच रंगमंचावर. १९१५ साली फाल्गुनी नाटक शांतिनिकेतनात झालं, त्यात रवींद्रनाथ आंधळा बाऊल झाले होते. बाँकुडा जिल्ह्यात दुष्काळ पडला तेव्हा १९१६ च्या जानेवारीत हेच नाटक कोलकात्याला नेऊन मदत गोळा केली.

हे सगळं चालू असताना शाळा सुखात होती असंही नाही. वंगभंगाच्या चळवळीत रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये कोलकात्याच्या रस्त्यांवर हिंदू-मुसलमानांना राख्या बांधण्याचा मोठा कार्यक्रम घडवला होता, त्यामुळे सरकारची नजर होती. १९११-१२ च्या सुमारास पूर्व बंगाल सरकारने गुप्त पत्रक काढलं, की सरकारी नोकरांनी आपली मुलं या शाळेत ठेवणं योग्य नाही. काही पालकांनी मुलं काढून नेली. पटसंख्या घटण्याची धास्ती काय असते ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि मग १९१३. नोव्हेंबरात नोबेल पारितोषिकाची तार आली. शाळेत मुलांनी जो जल्लोष केला तो केलाच, पण कोलकात्याच्या मोठ्या लोकांनीही सत्कार करायचं ठरवलं. २३ नोव्हेंबरला खास आगगाडी करून सुमारे पाचशे मंडळी बोलपूरला उतरली. शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू होते, वकील, संपादक, साहित्यिक होते. आम्रकुंजात मुलांनी जागा सजवली होती. भाषणं झाली. रवींद्रनाथ उत्तराला उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं, की इतकी वर्षं आपल्याला निंदाच जास्त मिळाली, आता परदेशाने शिक्का मारल्यावर आलेला हा मान आपण ओठापर्यंत नेऊ, पण मनात उतरवू शकणार नाही. मंडळी सुन्न झाली. काही जण फराळाला हात न लावता परत गेले.

या प्रसंगावर तेव्हा पुष्कळ टीका झाली आणि मला ती थोडी पटते. पाचशे जणांत खरे चाहतेही होते, त्यांना हे का ऐकावं लागलं? घरी आलेल्याला असं बोलू नये, हे आपण मुलांना शिकवतोच. पण दुसरी बाजूही बघा. रोज ज्या आमराईत मुलं गाणी म्हणत, तिथे बाहेरून एक सत्कारसमारंभ येऊन उतरला होता आणि या माणसाला त्यातला पोकळपणा सोसवला नाही. आणखी एक गोष्ट. २३ नोव्हेंबर ही मृणालिनीदेवी गेल्या ती तारीख. त्या दिवशी त्यांच्या मनात काय होतं, कोण सांगणार!

पारितोषिकाची रक्कम त्यांनी पातिसरच्या कृषी बँकेत ठेवली. त्यातून शेतकऱ्यांना कर्ज मिळे आणि व्याज शाळेला.

पुढचा प्रसंग गांधीजींचा, आणि त्यात आपली मराठी माणसंही आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमातली मुलं १९१४ च्या अखेरीस शांतिनिकेतनात राहायला आली होती. फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी त्यांना भेटायला पोचले. तिथे साताऱ्याचे काकासाहेब कालेलकर आधीपासून होते, त्यांची आणि गांधीजींची पहिली भेट इथेच झाली. दोन दिवस होतात न होतात तोच पुण्याहून तार आली, गोपाळ कृष्ण गोखले गेले. शांतिनिकेतनच्या मंदिरात शोकसभा भरली. बंगालातल्या एका छोट्या शाळेतली मुलं पुण्याच्या एका माजी शिक्षकासाठी एकत्र जमली होती. गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवायचे हे आपण विसरतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गांधीजी पुण्याला जाऊन मार्चमध्ये परत आले तेव्हा त्यांनी एक प्रश्न टाकला. स्वयंपाकी आणि नोकर कशाला? मुलांनी आणि मास्तरांनीच सगळं काम केलं तर? रवींद्रनाथांनी शिक्षक राजी असतील तर माझी हरकत नाही म्हटलं आणि १० मार्च १९१५ पासून सव्वाशे मुलं कामाला लागली. भाजी चिरणं, धान्य निवडणं, भांडी घासणं, सफाई. स्वयंपाकघराच्या जबाबदारीत काकासाहेब पुढे होते. भांडी घासणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून काही मुलं त्यांच्याजवळ बसून सतार वाजवत! मला हे चित्र फार आवडतं. एकीकडे राखेचे हात, दुसरीकडे सतार. गांधीजींची शाळा आणि रवींद्रनाथांची शाळा एका ओट्याजवळ.

प्रयोग फार दिवस टिकला नाही. शिक्षकांत मतभेद झाले, काही मुलं दमली. पण १० मार्चचा दिवस शांतिनिकेतनने सोडला नाही. दरवर्षी त्या दिवशी स्वयंपाकी, सफाई कामगार यांना सुट्टी देऊन त्यांची कामं विद्यार्थी आणि शिक्षक करतात. त्याला गांधी पुण्याह म्हणतात. म्हणजे फसलेल्या प्रयोगाचाही वार्षिक उत्सव! आपल्या शाळांतल्या दिनविशेषांच्या यादीत असा एक तरी दिवस आहे का?

पहिलं महायुद्ध झालं, रवींद्रनाथ जगभर फिरले, जालियनवाला बागेनंतर त्यांनी सर हा किताब परत केला, डिसेंबर १९२१ मध्ये विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली. देशोदेशीचे पंडित आले. मुली शिकायला आल्या, उत्सवांत नाच आला. मुलींनी असं सगळ्यांसमोर नाचावं यावरूनही कोलकात्यात नाकं मुरडली गेली. शाळा आता विद्यापीठाच्या पोटात होती, तरी मुलांच्या शाळेतल्या कामावरून त्यांचं मन उडालं नाही. विश्वभारतीच्या पदवीदानात पदवीबरोबर सातवीणीची पानं देतात.

१४ जुलै १९२८ ला वृक्षारोपणाचा पहिला उत्सव झाला. झाडं आपणही लावतो. फोटोपुरता खड्डा, फोटोपुरतं पाणी, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप. तिथे रोपाला सजवलेल्या पालखीत बसवलं. पुढे शंख वाजवणाऱ्या मुली, गाणं म्हणणारी मिरवणूक. माती, पाणी, उजेड, वारा, आकाश यांची रूपं घेतलेल्या मुलांनी रोपाला आशीर्वाद द्यायचे. बलाई नावाची रवींद्रनाथांची गोष्ट याच काळातली. झाडांवर जीव लावणारा एक पोरका मुलगा, त्याने वाटेत उगवलेलं सावरीचं झाड तोडू दिलं नाही, आणि तो दूर गेल्यावर काकाने ते तोडून टाकलं. झाड तोडल्याचं कळल्यावर काकू जेवली नाही. सहावी-सातवीच्या वर्गात सांगून पाहा. श्रीनिकेतनात, म्हणजे शेजारच्या ग्रामविकास केंद्रात, नांगरणीचाही उत्सव सुरू झाला, त्यात सजवलेले बैल आणि शेतकरी हे मानकरी.

स्वतःच्या वाढदिवसाचं त्यांनी काय केलं ते ऐका. बंगाली पंचांगाप्रमाणे त्यांचा जन्म वैशाखाच्या पंचवीस तारखेचा. त्या वेळी शांतिनिकेतनात कडक ऊन, पाण्याची टंचाई आणि मुलं सुट्टीवर. म्हणून शेवटच्या काही वर्षांत वाढदिवस अलीकडे ओढून बंगाली नववर्षाच्या दिवशी, एप्रिलमध्ये, मुलं असताना साजरा होऊ लागला. मुलांच्या सोयीने वाढदिवस बदलणारा संस्थापक मी दुसरा पाहिला नाही. १४ एप्रिल १९४१ चा हा शेवटचा वाढदिवस. ते इतके थकले होते की त्यांचं भाषण क्षितिमोहन सेन यांनी वाचून दाखवलं. युरोपात युद्ध पेटलेलं होतं आणि भाषणाचा विषय होता संस्कृतीवर आलेलं संकट.

जुलैच्या अखेरीस त्यांना शस्त्रक्रियेसाठी कोलकात्याला नेलं. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, श्रावणाच्या बाविसाव्या दिवशी, जन्मले त्याच वाड्यात ते गेले. वय ऐंशी. कोलकात्यात अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी उसळली, रेटारेटी झाली. ज्या माणसाने आयुष्यभर शांत सभा भरवल्या, त्याचा शेवटचा प्रवास असा व्हावा याचं वाईट वाटतं. त्या संध्याकाळी शांतिनिकेतनच्या मंदिरात मात्र मुलं आणि शिक्षक जमले आणि एक गाणं म्हटलं. ते गाणं त्यांनी दोन वर्षांपूर्वी आपल्या डाकघर या जुन्या नाटकासाठी रचलं होतं. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलच्या शेवटच्या प्रवेशासाठी. तेव्हा ते नाटकात म्हटलं गेलं नाही. आपण गेल्यावर म्हणा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

२०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वसंतोत्सवाला बाहेरची गर्दी इतकी वाढत गेली की अलीकडे तो आतल्या आत, विद्यार्थ्यांपुरता करण्याची वेळ आली. काही प्रवाशांना ते आवडलं नाही. वृक्षारोपण मात्र आता श्रावणाच्या बाविसाव्या दिवशी होतं. त्या दिवशी पालखी निघते, शंख वाजतात, पावसाने चिखल झालेला असतो, आणि शाळेतली मुलं रोपाला छत्री धरून चालतात.